आंतरराष्ट्रीय व राष्ट्रपार कायद्यातील मानवी हक्क : यवतमाळ कीटकनाशक विषबाधा प्रकरणाच्या संदर्भात एक चिकित्सक अभ्यास

सारांश :

२०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी व शेतमजुरांना विषबाधा झाली आणि अनेकांचा मृत्यू झाला. या प्रकरणातील एक धागा पुढे स्वित्झर्लंडमधील बासेल येथील दिवाणी न्यायालयापर्यंत पोहोचला. मानवी हक्कांचा आंतरराष्ट्रीय कायदा विदर्भातील फवारणी करणाऱ्या माणसाला नेमके काय देतो आणि काय देत नाही, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे. हक्काची व्याख्या पुरेशी स्पष्ट आहे. परंतु त्या हक्काची दाद डब्यावरील लेबल कोणत्या कंपनीचे आहे आणि तालुक्याच्या ठिकाणी कोणता कागद तयार झाला यांवर अवलंबून राहते, असे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : मानवी हक्क, राष्ट्रपार कायदा, बहुराष्ट्रीय कंपनी, कीटकनाशक विषबाधा, शेतमजूर, उत्पादन दायित्व.

प्रस्तावना :

१० डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मानवी हक्कांचा सार्वत्रिक जाहीरनामा स्वीकारला. त्यातील तिसरे कलम प्रत्येक व्यक्तीला जीविताचा व सुरक्षिततेचा हक्क देते, तर आठवे कलम हक्कभंग झाल्यास सक्षम न्यायाधिकरणाकडे परिणामकारक दाद मागण्याचा हक्क देते. ही दोन्ही कलमे एकत्र वाचणे आवश्यक आहे. दाद मिळण्याची सोय नसेल तर हक्क ही केवळ सदिच्छा ठरते.

पारंपरिक आंतरराष्ट्रीय कायदा हा राज्याराज्यांमधील कायदा होय. करार राज्ये करतात आणि बंधनेही राज्यांवरच येतात. परंतु आज माणसाच्या जीवितावर परिणाम करणारे अनेक व्यवहार राज्ये करीत नाहीत. एका देशात मुख्यालय, दुसऱ्या देशात मालकी आणि तिसऱ्या देशात विक्री अशी रचना असलेल्या कंपन्या ते करतात. अशा सीमेपलीकडे पोहोचणाऱ्या व्यवहारांना लागू होणाऱ्या सर्व नियमांसाठी अमेरिकन विधिज्ञ फिलिप जेसप यांनी १९५६ मध्ये ‘राष्ट्रपार कायदा’ ही व्यापक संज्ञा मांडली. परदेशी न्यायालयातील दिवाणी दावा, कंपन्यांसाठीच्या ऐच्छिक आचारसंहिता, निर्यातीवरील निर्बंध हे सर्व या संज्ञेत येते.

मानवी हक्कांवरील मराठीतील बरेचसे लेखन जाहीरनामा, करार आणि आयोग यांच्या परिचयावर थांबते. तो परिचय आवश्यक असला तरी हे सर्व साहित्य प्रत्यक्ष प्रसंगी कितपत उपयोगी पडते, हा प्रश्न त्यातून सुटत नाही. पश्चिम विदर्भात तो प्रसंग २०१७ मध्ये घडला आहे. त्यामुळे प्रस्तुत विषयाची चिकित्सा करण्यासाठी दूरचे उदाहरण शोधण्याची गरज नाही.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) यवतमाळ प्रकरणात कोणत्या आंतरराष्ट्रीय मानकांचा संबंध येतो, हे स्पष्ट करणे.
२) राष्ट्रपार मार्गाने दाद मागण्याच्या प्रयत्नाचे महत्त्व व मर्यादा तपासणे.
३) भारतीय कायद्यातील उणिवांचा या मर्यादांशी असलेला संबंध दाखविणे.

प्रकरणाची पार्श्वभूमी :

यवतमाळ हा कपाशीचा जिल्हा होय. २००२ मध्ये बीटी कपाशीला व्यापारी लागवडीची परवानगी मिळाली, तेव्हा बोंडअळीवरील फवारणी कमी होईल अशी अपेक्षा होती. परंतु गुलाबी बोंडअळीने बीटी वाणांना प्रतिकार विकसित केला आणि २०१७ च्या हंगामात तिचा प्रादुर्भाव विदर्भभर तीव्र झाला. रसशोषक किडींचाही त्रास होता. त्या वर्षी पऱ्हाटी नेहमीपेक्षा उंच व दाट वाढली होती. डोक्याच्या उंचीच्या झाडांत शिरून, उष्ण व दमट हवेत, पाठीवरच्या पंपाने फवारणी करणाऱ्या माणसाच्या अंगावर, श्वासात आणि डोळ्यांत औषध जाणे अटळ होते. दोन-तीन औषधे एकत्र मिसळण्याची पद्धत आणि जास्त दाबाने बारीक तुषार फेकणारे यंत्रचलित पंप यांमुळे धोका वाढला.

जुलै ते ऑक्टोबर या काळात यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालयात विषबाधेचे रुग्ण सतत दाखल होत राहिले. जिल्ह्यात विषबाधितांची संख्या ८०० च्या आसपास आणि मृतांची संख्या २० हून अधिक झाल्याचे समोर आले. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने ऑक्टोबर २०१७ मध्ये प्रकरणाची दखल घेऊन राज्य शासनाला नोटीस दिली. राज्य शासनाने अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या नेतृत्वाखाली विशेष तपास पथक नेमले, मृतांच्या वारसांना प्रत्येकी २ लाख रुपयांचे साहाय्य जाहीर केले आणि काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली. या बंदीची मुदत ६० दिवसांची असते. कीटकनाशक अधिनियम, १९६८ च्या कलम २७ नुसार तपास अपूर्ण राहिल्यास राज्याला ती एकूण आणखी ३० दिवसांपर्यंतच वाढविता येते; त्याहून अधिक काळाची बंदी घालण्याचा अधिकार त्याला नाही.

या काळात सार्वजनिक चर्चेत वारंवार पुढे आलेले स्पष्टीकरण असे होते की, शेतकऱ्यांनी मास्क व हातमोजे वापरले नाहीत, औषधांचे चुकीचे मिश्रण केले आणि सूचना पाळल्या नाहीत. हे स्पष्टीकरण पूर्णपणे असत्य नव्हते. परंतु ते मानवी हक्कांच्या कसोटीवर टिकते का, हे पाहणे आवश्यक आहे.

हक्काचे स्वरूप :

आंतरराष्ट्रीय कायद्यात या हक्काविषयी संदिग्धता नाही. आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांच्या १९६६ च्या आंतरराष्ट्रीय कराराचे सातवे कलम सुरक्षित व आरोग्यदायी कार्यस्थितीचा हक्क मान्य करते, तर बारावे कलम सर्वोच्च शक्य आरोग्याचा हक्क सांगताना पर्यावरणीय व औद्योगिक स्वच्छतेचा उल्लेख करते. भारताने हा करार १९७९ मध्ये स्वीकारला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २००१ चा १८४ क्रमांकाचा करार खास शेतीतील सुरक्षितता व आरोग्यासाठी आहे; भारताने त्याला अनुमोदन दिलेले नाही. जून २०२२ मध्ये या संघटनेने सुरक्षित व आरोग्यदायी कार्यपरिसराचा समावेश श्रमाच्या मूलभूत तत्त्वांत केला. १७ डिसेंबर २०१८ रोजी आमसभेने स्वीकारलेल्या शेतकरी व ग्रामीण भागात काम करणाऱ्यांच्या हक्कांच्या जाहीरनाम्याचे चौदावे कलम याहून थेट आहे. घातक रसायने, त्यांत शेतीरसायनेही आली, न वापरण्याचा व त्यांच्या संपर्कात न येण्याचा हक्क ते मान्य करते.

मास्क व हातमोज्यांच्या युक्तिवादाला या मानकांत उत्तर सापडते. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या कीटकनाशक व्यवस्थापनाच्या आचारसंहितेच्या तिसऱ्या कलमात एक महत्त्वाचे तत्त्व आहे. ज्या औषधांसाठी त्रासदायक, महाग किंवा सहज न मिळणारी संरक्षक साधने लागतात, ती औषधे टाळावीत, विशेषतः उष्ण हवामानातील लहान शेतकरी व शेतमजुरांच्या बाबतीत, असे ते सांगते. हे तत्त्व दोषाची दिशा बदलते. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या उकाड्यात रोजंदारीवर फवारणी करणारा मजूर संपूर्ण अंग झाकणारा पोशाख घालणार नाही, हे विक्रीपूर्वीच सर्वांना ठाऊक असते. जो वापर आधीच अपेक्षित आहे त्याला नंतर ‘गैरवापर’ म्हणता येत नाही. औषध प्रयोगशाळेत सुरक्षित आहे की नाही, हा प्रश्न पुरेसा नाही. ते कपाशीच्या वावरात, त्या वावरातील माणसाच्या हातात सुरक्षित आहे का, हा खरा प्रश्न होय.

बंधन कोणावर? :

हक्क स्पष्ट असला तरी बंधन कोणावर, हा प्रश्न उरतो. वर उल्लेखिलेले करार राज्यावर बंधन घालतात. कंपनी त्यांची पक्षकार नाही. ही पोकळी भरण्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने १६ जून २०११ रोजी जॉन रगी यांनी तयार केलेली व्यवसाय व मानवी हक्कांविषयीची ३१ मार्गदर्शक तत्त्वे मान्य केली. हक्कांचे संरक्षण करणे हे राज्याचे कर्तव्य, हक्कांचा आदर राखणे ही कंपनीची जबाबदारी आणि पीडितांना दाद मिळण्याची सोय, हे त्यांचे तीन आधार होत.

या रचनेत राज्यासाठी ‘कर्तव्य’ आणि कंपनीसाठी ‘जबाबदारी’ असे दोन वेगळे शब्द जाणीवपूर्वक वापरले आहेत. कर्तव्याला कायद्याचा आधार आहे, जबाबदारीला अपेक्षेचा. कंपनीने आपल्या उत्पादनाच्या परिणामांबाबत दक्षता बाळगावी असे तत्त्वे सांगतात. न बाळगल्यास काय, हे ती सांगत नाहीत. तिसरा आधार, म्हणजे दाद, हा तिन्हींत दुबळा राहिला आहे. कंपन्यांवर बंधनकारक कराराची प्रक्रिया मानवी हक्क परिषदेच्या २६ जून २०१४ च्या ठरावाने सुरू झाली. या ठरावाच्या बाजूने भारताने मत दिले, तर अनेक औद्योगिक राष्ट्रांनी विरोधात मत दिले. मतविभागणीचे हे चित्र पुरेसे बोलके आहे.

रसायनांच्या व्यापारासाठी १९९८ चा रॉटरडॅम करार आहे. तो २००४ मध्ये अमलात आला आणि २००५ मध्ये भारत त्यात सहभागी झाला. यादीतील घातक रसायन आयात करण्यापूर्वी आयातदार देशाची माहितीपूर्ण पूर्वसंमती घेणे त्यानुसार आवश्यक असते. परंतु ही संमती राज्याची असते. फवारणी करणाऱ्या माणसाला त्या संमतीत स्थान नाही. शिवाय रसायन यादीत समाविष्ट नसेल तर एका देशात मान्यता नसलेले औषध दुसऱ्या देशात विकण्यास या कराराची आडकाठी होत नाही.

बासेलपर्यंतचा मार्ग :

यवतमाळमध्ये वापरल्या गेलेल्या अनेक औषधांपैकी एक म्हणजे डायफेन्थियुरॉन हा घटक असलेले ‘पोलो’. ते सिंजेंटा या कंपनीचे उत्पादन होय. या कंपनीचे मुख्यालय बासेल येथे असून २०१७ मध्येच तिची मालकी चीनच्या शासकीय मालकीच्या केमचायना या उद्योगाकडे गेली. डायफेन्थियुरॉनला युरोपीय संघात व स्वित्झर्लंडमध्ये २०१७ च्या कितीतरी आधीपासून मान्यता नव्हती. संघटनांनी पुढे आणलेल्या पोलीस नोंदींनुसार यवतमाळ परिसरातील विषबाधेच्या ९६ प्रकरणांत ‘पोलो’चा उल्लेख होता आणि त्यांपैकी दोघांचा मृत्यू झाला होता. आपले उत्पादन या घटनांना कारणीभूत असल्याचे कंपनीने नाकारले.

सप्टेंबर २०२० मध्ये ५१ बाधितांच्या वतीने महाराष्ट्रातील कीटकनाशक विषबाधितांची संघटना, पॅन इंडिया, पब्लिक आय आणि बर्लिन येथील युरोपीय संवैधानिक व मानवी हक्क केंद्र यांनी स्वित्झर्लंडच्या राष्ट्रीय संपर्क केंद्राकडे तक्रार केली. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या बहुराष्ट्रीय उद्योगांसाठीच्या मार्गदर्शक सूत्रांनुसार सदस्य देशांत अशी केंद्रे असतात. हे केंद्र मध्यस्थी करू शकते. निवाडा देऊ शकत नाही आणि कंपनीला भरपाई देण्यास भागही पाडू शकत नाही. या मार्गाने भरपाईचा समझोता झाला नाही.

दुसरा मार्ग न्यायालयाचा होता. जून २०२१ मध्ये विषबाधेतून वाचलेला एक शेतकरी आणि दोन मृतांच्या पत्नी यांचा उत्पादन दायित्वावर आधारित दावा बासेलच्या दिवाणी न्यायालयात दाखल झाला. स्वित्झर्लंडच्या आंतरराष्ट्रीय खासगी कायद्यातील एका तरतुदीमुळे तो शक्य झाला. सदोष उत्पादनामुळे हानी झालेल्या व्यक्तीला उत्पादकाच्या ठिकाणचा कायदा किंवा वस्तू जेथे घेतली तेथील कायदा, यांतून निवड करता येते. म्हणजेच विदर्भातील विधवेला स्वित्झर्लंडच्या नागरिकाला मिळणाऱ्या कायद्याच्या मापाने आपली हानी मोजण्याची मागणी करता येते. मानवी हक्कांची समानता एरवी प्रस्तावनांमध्येच वाचायला मिळते. येथे ती एका साध्या दिवाणी तरतुदीतून येते.

या घटनेचे ऐतिहासिक महत्त्व भोपाळशी तुलना केल्यास लक्षात येते. डिसेंबर १९८४ च्या वायुदुर्घटनेनंतर भारत सरकारने अमेरिकेतील न्यायालयात दाद मागितली. १२ मे १९८६ रोजी न्यूयॉर्कच्या न्यायालयाने भारत हेच योग्य ठिकाण असल्याचे सांगून खटला परत पाठविला. फेब्रुवारी १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली आणि तिच्या अपुरेपणाविषयीची शेवटची उपचारात्मक याचिका १४ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. भोपाळच्या वेळी मुख्यालयाच्या देशाचे दार बंद झाले होते. त्यानंतर चित्र काहीसे बदलले. फ्रान्सने मार्च २०१७ मध्ये मोठ्या कंपन्यांवर दक्षतेचे कायदेशीर कर्तव्य घातले. एप्रिल २०१९ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने झांबियातील गावकऱ्यांना वेदांताविरुद्धचा दावा इंग्लंडमध्ये चालविण्यास मुभा दिली. जानेवारी २०२१ मध्ये हेगच्या अपील न्यायालयाने नायजेरियातील शेतकऱ्यांच्या बाजूने शेल कंपनीविरुद्ध निर्णय दिला.

मात्र ही वाटचाल एकाच दिशेने झालेली नाही. २९ नोव्हेंबर २०२० रोजी स्वित्झर्लंडमध्ये कंपन्यांना परदेशातील हानीबद्दल उत्तरदायी धरण्याच्या प्रस्तावावर सार्वमत झाले. ५०.७ टक्के मतदारांनी तो मान्य केला. परंतु बहुसंख्य कँटनांचा पाठिंबा न मिळाल्याने तो फेटाळला गेला. दुसरीकडे त्याच देशाने १ जानेवारी २०२१ पासून डायफेन्थियुरॉनसह पाच कीटकनाशकांच्या निर्यातीवर बंदी घातली. निर्यात करणाऱ्या देशाने आपल्या बाजूने दार लावले, ही गोष्ट यवतमाळच्या घटनेनंतर घडली, हे येथे नोंदविण्यासारखे आहे.

लेबलची मर्यादा :

बासेलच्या दाव्याचे महत्त्व मान्य करूनही त्याची मूलभूत मर्यादा नजरेआड करता येत नाही. यवतमाळमध्ये विषबाधा झालेल्या शेकडो लोकांनी एकाच कंपनीचे औषध वापरलेले नव्हते. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, अ‍ॅसिफेट, इमिडाक्लोप्रिड अशी अनेक औषधे वापरात होती आणि त्यांपैकी बरीच भारतीय कंपन्यांची होती. विशेष तपास पथकाने बंदीची शिफारस केली ती मोनोक्रोटोफॉसबाबत. त्या औषधाने बाधित झालेल्या मजुरासाठी बासेल अस्तित्वात नाही.

एकाच गावातील दोन मजुरांचा विचार करावा. दोघांनी एकाच दिवशी, शेजारच्या वावरांत फवारणी केली. दोघांना सारखीच बाधा झाली. एकाच्या हातातील डबा परदेशी मुख्यालय असलेल्या कंपनीचा होता, दुसऱ्याचा देशी कंपनीचा. पहिल्यासाठी, अनेक संघटनांची मदत मिळाल्यास, एक दूरचे दार किलकिले होते. दुसऱ्यासाठी तेही नाही. सार्वत्रिक जाहीरनाम्यानुसार हक्क माणूस म्हणून जन्मल्याने मिळतो. दाद मात्र डब्यावरील लेबलनुसार मिळते. राष्ट्रपार कायद्याची ही विसंगती अपघाती नाही. तो कायदा कंपनीच्या पत्त्यामागे जातो, पीडिताच्या गरजेमागे नाही.

ज्यांच्यासाठी दार उघडते त्यांच्यापैकीही मोजकेच आत जाऊ शकतात. संपर्क केंद्राकडे ५१ प्रकरणे गेली. न्यायालयात दावा तिघांचा होता. परदेशी भाषा, वकिलांचा खर्च, मुदतीची मर्यादा आणि पुराव्याचे ओझे या अडचणी ओलांडणे संघटनांच्या पाठबळाशिवाय अशक्य होते. म्हणून या मार्गाकडे दिशादर्शक प्रकरण म्हणून पाहावे. ती न्यायव्यवस्था नव्हे.

तालुक्यातील कागद :

राष्ट्रपार न्यायाची चर्चा बहुधा मोठ्या तत्त्वांभोवती फिरते. प्रत्यक्षात दावा टिकतो की पडतो हे अगदी साध्या कागदांवर ठरते. कोणते औषध वापरले, ते कोठून घेतले, बाधा केव्हा झाली आणि उपचारांच्या वेळी काय आढळले, हे सिद्ध करावे लागते. त्यासाठी कृषी सेवा केंद्राची पावती, रिकामा डबा, रुग्णालयाचा केसपेपर, रक्ततपासणीचा अहवाल, पोलिसांचा पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल हवा.

यांतील प्रत्येक कागद खेड्यात दुर्मीळ असतो. औषधे अनेकदा उधारीवर घेतली जातात आणि पावती मिळत नाही. औषध मालक आणतो व फवारणी मजूर करतो, त्यामुळे बाधित व्यक्तीला नावही ठाऊक नसते. डबा बांधावर फेकला जातो. ऑर्गनोफॉस्फरस गटातील औषधांची बाधा ओळखण्यासाठी रक्तातील कोलिनेस्टरेजची तपासणी उपयुक्त असते. यवतमाळच्या प्रसंगी तिच्या अभावाची मोठी चर्चा झाली. केसपेपरवर ‘अज्ञात विषबाधा’ एवढाच शेरा असेल तर डॉक्टर रुग्णाला वाचवू शकतात, परंतु त्या रुग्णाचा हक्क तेथेच संपतो. यवतमाळ प्रकरण पुढे जाऊ शकले याचे एक कारण म्हणजे पोलीस नोंदींत औषधांची नावे आलेली होती. जागतिक न्यायाचा पाया जिनिव्हात नव्हे, तर ग्रामीण पोलीस ठाण्यात आणि रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीवर घातला जातो, असे यावरून म्हणता येते.

देशांतर्गत कायद्याची स्थिती :

भारतातील कीटकनाशक अधिनियमाचा उगमच विषबाधेत आहे. १९५८ मध्ये केरळ व मद्रास राज्यांत पॅराथिऑनने दूषित झालेल्या अन्नधान्यामुळे शंभरहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. त्यानंतर नेमलेल्या शाह आयोगाच्या चौकशीतून पुढे १९६८ चा कायदा आला. त्यात नोंदणी, परवाने, तपासणी व शिक्षा यांच्या तरतुदी आहेत. बाधित व्यक्तीच्या भरपाईची तरतूद नाही. कलम २६ नुसार राज्य शासन विषबाधेच्या घटना कळविणे बंधनकारक करू शकते; परंतु ‘करू शकते’ हा शब्दप्रयोगच त्याची मर्यादा होय.

अन्य कायद्यांतही मजुराची जागा निसटती आहे. २०१७ मध्ये लागू असलेल्या कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, १९२३ च्या अनुसूचीत शेतीकाम आले ते ट्रॅक्टर किंवा यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या साधनांच्या संदर्भात. हाताने पंप मारणाऱ्या मजुराचे काय, हा प्रश्न राहतो. आणि उत्तर होकारार्थी आले तरी भरपाई देणारा मालक अनेकदा स्वतःच कर्जबाजारी अल्पभूधारक असतो. गोपीनाथ मुंडे यांच्या नावे असलेली शेतकरी अपघातविषयक योजना विषबाधेला संरक्षण देते. पण तिचा आधार सातबारा हा आहे. ज्याच्या नावावर जमीन नाही आणि जो प्रत्यक्षात सर्वाधिक फवारणी करतो, तो सालगडी किंवा रोजंदार मजूर तिच्याबाहेर राहतो.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ ने उत्पादन दायित्वाची संकल्पना प्रथमच स्वतंत्र प्रकरणात आणली, ही स्वागतार्ह बाब होय. परंतु याच कायद्याचे कलम ८७ असे सांगते की, उत्पादन मालकाने कामाच्या ठिकाणी वापरण्यासाठी घेतले असेल आणि उत्पादकाने मालकाला इशारा व सूचना दिल्या असतील, तर अपुऱ्या इशाऱ्याच्या आधारे उत्पादकाला जबाबदार धरता येणार नाही. बारीक अक्षरांतील माहितीपत्रक मालकाच्या पिशवीत पोहोचले की उत्पादक सुटतो आणि ते कधीच न पाहिलेला मजूर एकटा पडतो. आचारसंहितेतील तत्त्व आणि ही तरतूद शेजारी ठेवून वाचल्यास दोहोंतील अंतर लक्षात येते.

तथापि भारतीय न्यायव्यवस्थेकडे साधने नाहीत असे म्हणता येणार नाही. ऑलियम वायुगळती प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८६-८७ मध्ये घातक उद्योगांसाठी निरपेक्ष दायित्वाचे तत्त्व मांडले. १९९५ मध्ये अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या प्रकरणात कामगाराचे आरोग्य हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले. १९९७ च्या विशाखा निकालात देशांतर्गत कायदा मौन असताना आंतरराष्ट्रीय करारांतील मानके वापरता येतात, हे दाखवून दिले. १० जानेवारी २०१७ रोजी केरळमधील एंडोसल्फान पीडितांना प्रत्येकी ५ लाख रुपये देण्याचा आदेश न्यायालयाने दिला. हा आदेश यवतमाळच्या घटनेपूर्वी अवघे काही महिने आधीचा आहे. कासरगोडला मिळालेले माप यवतमाळला का लागू झाले नाही, हा प्रश्न विधी अभ्यासकांनी विचारला पाहिजे.

काही आक्षेपांचा विचार :

पहिला आक्षेप सार्वभौमत्वाचा. भारतात नोंदणी झालेल्या, भारतीय अधिकाऱ्यांनी मान्य केलेल्या उत्पादनाचा न्याय परदेशी न्यायालयाने का करावा, असे विचारले जाते. या आक्षेपात तथ्य आहे. परंतु त्याचे उत्तर परदेशी दार बंद करणे हे नसून स्वदेशी दार उघडणे हे आहे. स्वतःच्या नागरिकाला दाद देणाऱ्या राज्याचेच सार्वभौमत्व बळकट असते.

दुसरा आक्षेप शेतीच्या गरजेचा. औषधांशिवाय कपाशी टिकणार नाही, म्हणून कंपन्यांवर दायित्व लादल्यास शेतकऱ्याचेच नुकसान होईल, असा हा युक्तिवाद आहे. मात्र दायित्व म्हणजे सर्व औषधांवर बंदी नव्हे. विषाची खरी किंमत आज मजुराचे शरीर भरते. ती उत्पादनाच्या हिशेबात आली तर कमी घातक पर्यायांकडे जाण्यास चालनाच मिळेल.

तिसरा आक्षेप उलट बाजूचा आहे. संपूर्ण दोष बहुराष्ट्रीय कंपन्यांवर टाकला की राज्याची नोंदणी समिती, कृषी विभाग, विक्रेता व देशी उत्पादक आपोआप निर्दोष ठरतात. यवतमाळची चर्चा केवळ एका परदेशी नावाभोवती फिरत राहिली, तर ती अपुरीच म्हणावी लागेल.

निष्कर्ष :

१) फवारणी करणाऱ्या माणसाचा जीवित, आरोग्य व सुरक्षित कार्यस्थितीचा हक्क आंतरराष्ट्रीय कायद्यात स्पष्टपणे मान्य आहे. उणीव हक्काच्या व्याख्येत नसून दाद मिळण्याच्या सोयीत आहे.

२) व्यवसाय व मानवी हक्कांची मार्गदर्शक तत्त्वे कंपनीकडून अपेक्षा करतात, बंधन घालीत नाहीत. राष्ट्रीय संपर्क केंद्रासारख्या यंत्रणा मध्यस्थीपुरत्या मर्यादित आहेत.

३) परदेशी न्यायालयातील दावा हा महत्त्वाचा मार्ग असला तरी तो डब्यावरील लेबलवर अवलंबून असल्याने सार्वत्रिक ठरू शकत नाही. देशी कंपनीच्या औषधाने बाधित झालेल्यांना तो उपलब्ध नाही.

४) विषबाधितांना दोष न ठरविता भरपाई देणारी वैधानिक तरतूद, तिच्यात सातबारा नसलेल्या शेतमजुरांचा समावेश, विषबाधेची सक्तीची नोंद आणि जिल्हा रुग्णालयांत रक्ततपासणीची सोय, या चार गोष्टींशिवाय देशांतर्गत दाद अर्थपूर्ण होणार नाही.

५) महाविद्यालयांनाही या कार्यात स्थान आहे. हिवरा आश्रमसारख्या कपाशी-सोयाबीनच्या पट्ट्यातील महाविद्यालयांना राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून फवारणी करणाऱ्यांची नोंद, पावती व डबा जपून ठेवण्याविषयी प्रबोधन आणि मराठीतील सोपी माहितीपत्रके, हे सहज करता येण्याजोगे आहे. राज्यशास्त्र व विधी विषयांच्या विद्यार्थ्यांनी कराराचे कलम आणि रुग्णालयाचा केसपेपर शेजारी ठेवून वाचण्याची सवय लावून घेतली, तर मानवी हक्क हा विषय परीक्षेपुरता राहणार नाही.

सारांशाने, मानवी हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कायद्याने यवतमाळच्या मजुराला मानक दिले. भरपाई, उपचार आणि पुरावा मात्र त्याला त्याच्या तालुक्यात, जिल्ह्यात व राज्यातच मिळाले पाहिजेत. परदेशातील न्यायालय ही अपवादाची सोय आहे. तिच्यावर विसंबून राहण्याची वेळ नागरिकावर येणे, हीच देशांतर्गत व्यवस्थेची सर्वांत कठोर समीक्षा होय.